सगळ्यांच्या आधी

सुट्टीवर गेलेल्या माणसाला पहाटे साडेतीनला अंथरुणातून बाहेर काढायचं असेल, तर त्याच्याकडून आदल्या दिवशीच पैसे घेऊन ठेवावेत. फुकट असेल तर तो उठत नाही. स्वस्त असेल तर ‘बघू’ म्हणून कूस बदलतो. महाग असेल आणि पैसे परत मिळणार नसतील, तर गजराच्या आधी उठून, आंघोळ उरकून, पलंगाच्या कडेला बूट घालून बसतो. फुकेतच्या टूरवाल्यांनी मनुष्यस्वभावाचा अभ्यास एवढाच केला आहे, पण पक्का केला आहे. तिथून फी फी बेटांकडे जाणारी जी बोट सकाळी नऊला निघते आणि जिच्यात माणसं खच्चून भरतात, ती स्वस्त. जी दिवस उजाडायच्या बेताला निघते आणि जिच्यात मोजकीच माणसं घेतात, ती महाग. झोप आणि सोबत, या दोन गोष्टी ते कमी देतात आणि कमी दिल्याचे जास्त पैसे घेतात.

टूर विकणाऱ्या मुलीनं आमच्यापुढे रंगीत पत्रकं पसरली तेव्हा मी स्वस्तातल्या पत्रकावर बोट ठेवायच्या बेतात होतो. तेवढ्यात ती म्हणाली, “ही दुसरी घ्या. ही गर्दीच्या आधी पोहोचते.” संपलं. बायकोच्या डोळ्यांत जी चमक आली ती आमच्या लग्नाच्या अल्बममध्येही कुठे सापडत नाही. जिनं उमेदीची वर्षं डोंबिवलीहून मध्य रेल्वेनं जाण्यायेण्यात काढली, जी गणपतीत कोकण रेल्वेची तिकिटं काढायला सकाळी आठच्या आधी घरातल्या प्रत्येकाला एकेक फोन देऊन आपापल्या जागी बसवते, तिला स्वर्ग म्हणून वेगळं काही वर्णन करून सांगावं लागत नाही. लवकर गेलं की जागा मिळते, एवढं कळलं की पुरे.

“गर्दी किती वाजता येते?” तिनं विचारलं.

“दहा.”

“आणि आपण?”

“सात.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पाकीट काढलं.

थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, हा बारीकसा मुद्दा पत्रकात नसतो. तिथले पहाटेचे साडेतीन म्हणजे डोंबिवलीतले रात्रीचे दोन. गजर थायलंडच्या वेळेनं वाजतो, पण झोपलेला माणूस डोंबिवलीच्या वेळेनं झोपलेला असतो. दोन वाजता आमच्याकडे उठण्याची कारणं फारच थोडी आहेत, आणि त्यांतलं एकही आनंदाचं नाही. तरी उठलो.

फुकेतचे प्रसिद्ध किनारे आणि हॉटेलं पश्चिमेला, आणि फी फीला जाणाऱ्या बोटींचे धक्के पूर्वेला. म्हणजे आधी बेट आडवं ओलांडायचं. ते काही फार रुंद नाही, पण व्हॅन सरळ जात नाही. ती सगळ्यांना वेचत जाते. आम्हाला सर्वांत आधी उचललं याचा बायकोला झालेला आनंद तिसऱ्या हॉटेलापर्यंत टिकला. प्रत्येक हॉटेलच्या दारात एक जोडपं असतं. त्यातलं एक माणूस खाली आलेलं असतं आणि दुसरं ‘येतंय’ असतं. यात देश, धर्म, वर्ण असा कुठलाही फरक मला दिसला नाही. आत आलेला माणूस कुणाकडेही न पाहता बसतो आणि डोळे मिटतो. पहाटे साडेचारला कुठल्याच देशाचे कुठल्याच देशाशी राजनैतिक संबंध नसतात.

धक्क्यावर कॉफी होती, केळी होती आणि बोट लागू नये म्हणून एका वाटीत गोळ्या होत्या. या गोळीनं उलटी थांबते आणि गाढ झोप येते. म्हणजे झोपेतून उठवायचे पैसे वाजवून घेतले आणि आता झोपेची गोळी फुकट. बायकोनं वाटी बाजूला सारून पर्समधली आवळासुपारी काढली. शेजारून आवाज आला, “अगो, ती गोळी खाव नको, झोप येतली.”

मालवणी! आम्ही दोघं ताबडतोब इंग्रजीत बोलू लागलो.

याचं कारण सांगायला हवं. २०२३च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना थायलंडचा व्हिसा लागेनासा झाला, आणि तेव्हापासून त्या देशात मराठी ऐकू न येणारी जागा शोधणं अवघड होऊन बसलं आहे. आपण इतके पैसे खर्चून एवढ्या लांब येतो ते कुणी ‘डोंबिवलीत कुठे?’ आणि ‘मुलगा काय करतो?’ असं विचारू नये म्हणून. तेव्हा परदेशात मराठी माणूस दिसला की त्याच्या लक्षात येण्याआधी आपण मराठी असायचं थांबतो. गंमत अशी की सत्तरीकडे झुकलेलं ते जोडपंही लगेच हिंदीत बोलू लागलं. त्यांनी आम्हाला ओळखलं होतं. मग बराच वेळ ते आपसात अशुद्ध हिंदीत आणि आम्ही आपसात अशुद्ध इंग्रजीत, अशी दोन मराठी कुटुंबं एकमेकांपासून चार फुटांवर उभी होती.

बोटीत चढण्यापूर्वी चपला-बूट एका भल्यामोठ्या टोपलीत टाकायचे असतात. बोटीत सगळे अनवाणी. टोपली गाईडकडे. परदेशी मंडळींनी निर्धास्तपणे बूट टाकले. बायकोनं माझी एक चप्पल टोपलीच्या तळाशी उजवीकडे खुपसली आणि दुसरी वर डावीकडे ठेवली, म्हणजे जोड एका जागी नाही म्हणून कुणी नेणार नाही. देवळाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या यशस्वी ठरलेली ही पद्धत. पलीकडे मालवणी काकू अगदी तेच करत होत्या. दोघींची नजरानजर झाली आणि दोघींनी ती फिरवली. गाईड मात्र बिचारा सरळ मनाचा. त्यानं टोपलीत हात घालून विखुरलेल्या चपलांचे जोड लावून ठेवले आणि आमच्याकडे बघून हसला.

मग त्यानं नियम सांगितले. राष्ट्रीय उद्यानात प्लास्टिकच्या पिशव्या न्यायच्या नाहीत. माशांना खाऊ घालायचं नाही. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभं राहायचं नाही. शिंपले उचलायचे नाहीत. बेटावर काय करता येतं ते त्यानं सांगितलं नाही, उरलेल्यातून आपण ओळखायचं. उन्हासाठी लावायच्या क्रीममधल्या ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट वगैरे चार रसायनांनी प्रवाळ मरतं, म्हणून २०२१पासून थायलंडच्या सागरी उद्यानांत त्या क्रीमना बंदी आहे आणि दंड एक लाख बाटपर्यंत. हे ऐकल्याबरोबर सगळी बोट मोबाइलच्या उजेडात आपापल्या ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचायला लागली. एका जर्मन गृहस्थानं चष्म्यावर चष्मा लावला. मालवणी काकूंनी पुढे होऊन आपली बाटली गाईडच्या नाकाखाली धरली. त्यानं हुंगलं. खोबरेल तेल. त्यानं दोन्ही हात जोडले.

बोटीत शिरताच बायको पुढे धावली. नाळेवर, उघड्यावर, जिथून आधी सगळं दिसतं तिथे. मी मागोमाग. आमच्यामागोमाग काकू आणि काका. जर्मन जोडपं शांतपणे मागे, इंजिनांजवळ जाऊन बसलं. याचं कारण बोट धक्क्यापासून सुटून खुल्या समुद्रात आल्यावर कळलं. स्पीडबोटीचं तोंड लाटेवरून वर उचललं जातं आणि मग सगळं वजन घेऊन खाली आपटतं. पुढच्या रांगेला हे सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मिळतं. मणक्याचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर बायकांना या बोटींवर घेत नाहीत ते उगाच नाही. माझ्या मणक्याला तोवर काही त्रास नव्हता. मागे तीन इंजिनं गर्जत होती, प्रत्येकी अडीचशे घोड्यांची, आणि त्या साडेसातशेही घोड्यांना आमच्या मागून लवकर पोहोचायचं होतं.

पहिली मोठी लाट आली आणि बायकोच्या तोंडून निघालं, “अगं आई गं!”

एवढ्या आवाजातही काकूंनी मान वळवली. “ठाण्याच्या का तुम्ही?”

“डोंबिवली,” बायको म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“काय सांगता! माझी नणंद डोंबिवलीत असते. पूर्वेला की पश्चिमेला?”

समोर, क्राबीच्या किनाऱ्याच्या बाजूनं, समुद्रातून चुनखडीचे सुळके काळ्या सावल्यांसारखे उभे राहत होते आणि त्यांच्यामागून सूर्य येत होता. आकाशाचा रंग क्षणाक्षणाला बदलत होता. हे मी नंतर फोटोंत पाहिलं. त्या वेळी आमच्या बाकावर डोंबिवली पूर्वेच्या पाण्याचा विषय चालू होता.

मोठ्या बोटीत माणूस एकटा राहू शकतो, लहान बोटीत नाही, हे ‘मोजकीच माणसं’ असं लिहिणारे सांगत नाहीत. चाळीस जणांत कोण कुठल्या देशाचं हे कुणी विचारत नाही. दहा-पंधरा जणांत मात्र अर्ध्या तासात सगळ्यांना सगळ्यांचं सगळं कळतं. ऑस्ट्रेलियन कुटुंबातल्या धाकट्याला पाण्याची भीती आहे. दोन कोरियन मुलींनी गळ्यात अडकवलेल्या पारदर्शक पिशव्यांमधले फोन वर्षभराच्या बचतीतून घेतले आहेत. फ्रेंच जोडप्याचं नुकतंच लग्न झालं असून नुकतंच भांडणही झालं आहे. काका मुंबई बंदरात नोकरी करून निवृत्त झाले आहेत. त्यांनी कप्तानाला पहिल्या दहा मिनिटांत ‘तांडेल’ केलं आणि समुद्राकडे पाहून निकाल दिला, “वारो पडलो हा. आज बोट लागूची नाय कोणाक.” पाच मिनिटांत फ्रेंच नवऱ्याला लागली. काकूंनी आणि बायकोनं मिळून त्याला आवळासुपारी चघळायला लावली. भांडण मिटलं. बायको नवऱ्याकडे माया करून बघते ती तो हिरवा पडल्यावरच, हे फ्रान्सलाही लागू दिसतं.

फी फी लेह या बेटावर कुणी राहत नाही. त्याच्या कुशीत माया बे, तीन बाजूंनी उंच कडे, मध्ये पांढरी वाळू. १९९६ साली अ‍ॅलेक्स गार्लंडची एक कादंबरी आली, तिच्यावरून डॅनी बॉयलनं लिओनार्डो डिकाप्रिओला घेऊन ‘द बीच’ हा सिनेमा इथे काढला. तो २०००मध्ये लागला. गोष्ट अशी की काही तरुण-तरुणींना एक किनारा सापडतो, जिथे एकही पर्यटक पोहोचलेला नाही, आणि तो कुणाला कळू नये म्हणून ते वाटेल ते करतात. गाईडनं हे सांगितल्यावर बायको म्हणाली, “आणि ते गुपित पिक्चर काढून सगळ्या जगाला सांगितलं?” गाईड म्हणाला, “येस, मॅडम.” किनारा आणखी स्वर्गासारखा दिसावा म्हणून चित्रीकरणासाठी तिथली वाळू सपाट केली, नारळाची झाडं आणून लावली, आणि त्यावरून कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. स्वर्गातही नारळाची झाडं कमी पडतात असं हॉलिवूडला वाटलं, हे काकांना पटलं. “नारळ होयाच,” ते म्हणाले.

मग लोक आले. इतके आले की एकेका दिवशी पाच-सहा हजार माणसं आणि दोनशेच्या आसपास बोटी त्या एवढ्याशा वाळूवर येऊ लागल्या. नांगरांनी आणि पंख्यांनी तळाचं प्रवाळ खलास केलं. शेवटी २०१८च्या जूनमध्ये सरकारनं किनारा बंद केला, सुरुवातीला चार महिन्यांसाठी. चार महिन्यांत काही होईना, म्हणून मुदत वाढवली, पुन्हा वाढवली, मग कोविड आला आणि २०२२च्या जानेवारीपर्यंत तिथे कुणी गेलंच नाही. मधल्या काळात लोकांनी प्रवाळाची रोपं नेऊन लावली आणि कुणी न बोलावता काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क परत आले. तेव्हा गर्दीच्या आधी म्हणजे नेमकं किती वाजता यायला हवं, तर या शार्कच्या हिशेबानं कुणीच येऊ नये. पण अशी टूर कुणी विकत नाही.

आता बोटींना खाडीत जायला बंदी आहे. बेटाच्या पाठीमागे, लोह सामाह नावाच्या बाजूला, तरंगत्या धक्क्यावर उतरायचं, फळ्यांच्या वाटेनं झाडीतून चालत पलीकडे जायचं. तासातासाच्या पाळ्या लावलेल्या. पुन्हा उघडलं तेव्हा एका पाळीला ३७५ माणसं, अशी मर्यादा ठरली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दरवर्षी दोन महिने सगळं बंद. परदेशी माणसाला उद्यानाचं तिकीट ४०० बाट.

आम्ही सातच्या ठोक्याला धक्क्यावर होतो. गाईड आवाज खाली आणून म्हणाला, “आपण पहिले.” बायकोनं पाऊल उचललं. पलीकडच्या बोटीतला गाईड त्याच्या मंडळींना आवाज खाली आणून काहीतरी सांगत होता. त्याच्या पलीकडचाही. ते काय सांगत होते हे कळायला भाषा यावी लागत नव्हती. सगळी मंडळी एकमेकांकडे, दुसऱ्या कुणी आधीच बुक केलेल्या लग्नाच्या हॉलकडे पाहावं तसं पाहत होती. आणि फळ्यांची वाट संपून झाडीतून बाहेर पडलो तर वाळूवर माणसं होतीच. ती नक्की कुठून आली हा प्रश्न बायकोला पडला. गाईडनं सांगितलं, ती शेजारच्या फी फी डॉनवर मुक्काम करतात आणि तिथून लाकडी बोटीनं येतात. बायको गप्प झाली. हे गप्प होणं मी ओळखतो. त्याचे परिणाम दूरवर होतात.

त्यानंतर जे घडलं ते मला अजून पूर्ण उलगडलेलं नाही. रिकाम्या किनाऱ्यावरचा फोटो काढण्यासाठी दोन-अडीचशे माणसं रांगेत उभी राहिली. प्रत्येकानं माणसं नसण्याचे पैसे भरले होते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या पैशांत उभा होता. मग कुणीही न सांगता एक व्यवस्था तयार झाली. फोटो काढणारा हात वर करी, त्याच्या चौकटीतली दहा-वीस माणसं खाली वाकत किंवा झाडामागे जात, क्लिक होई, माणसं वर येत, पुढचा हात वर होई. इस्रायलपासून इंडोनेशियापर्यंतची जनता गुण्यागोविंदानं उठाबशा काढत होती. संयुक्त राष्ट्रांनी येऊन बघावं. घरी परतल्यावर त्या फोटोंखाली लिहिलेलं असणार, ‘फक्त आम्ही दोघं’. आमच्याही आहे.

आणि एक गोष्ट पत्रकावर कधीच नसते. खाडीचं तोंड पश्चिमेकडे, पाठीला उंच कडे. सकाळी सातला सगळ्या खाडीवर कड्यांची सावली असते. पाणी पत्रकात दिसतं तसं पाचूसारखं दिसायला सूर्य वर यावा लागतो. सूर्य वर येतो तेव्हा गर्दीही येते. निसर्गानं ही सोय स्वस्त बोटीवाल्यांसाठी केलेली दिसते.

पोहायचं नाही, पाण्यात फक्त गुडघ्यापर्यंत जायचं, कारण शार्कची पिल्लं तिथे उथळ पाण्यात वाढतात. थाई सरकारनं मर्यादा गुडघ्याची ठेवली, पण कुणाच्या गुडघ्याची ते सांगितलेलं नाही. जर्मन गृहस्थाच्या गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात बायको कमरेपर्यंत गेली होती. रक्षकाची शिट्टी तिला वाजली, त्याला नाही. ती त्याच्याकडे बोट दाखवून मराठीत बोलली. रक्षक थाईमध्ये बोलला. आपलंच बरोबर आहे हे दोघांनाही कळत होतं.

तेवढ्यात काका ओरडले, “मोरी!”

काठापासून चार हातांवर, उथळ पाण्यात, हातभर लांबीचे पाच-सहा शार्क गस्त घालत होते. पाठीवरच्या पंखाला काळं टोक. ऑस्ट्रेलियन धाकटा आईच्या खांद्यावर चढला. कोरियन मुलींनी तोंडावर हात ठेवले. फ्रेंच जोडपं एकमेकांना बिलगलं. काका एकटेच अतिशय प्रेमानं बघत राहिले. “बारकी मोरी,” ते म्हणाले. “भाजलेल्या खोबऱ्याचा वाटप, वायच कोकम, आणि गरम भाकरी…”

“आज गुरुवार,” काकू कडाडल्या. “मार्गशीर्ष. नाव पण घेव नको.”

“सर काय म्हणतात?” गाईडनं मला विचारलं.

“फार सुंदर आहेत म्हणतात,” मी म्हणालो. खोटं काहीच नव्हतं.

तिथून पिलेह नावाच्या खाजणात. दोन्ही बाजूंना कडे, मध्ये हिरवं, संथ पाणी, तळ दिसतो. इथे मात्र पोहायला परवानगी. जर्मन गृहस्थ बोटीवरून सूर मारून गेले आणि बऱ्याच वेळानं भलतीकडेच वर आले. आम्ही भारतीय शिडीनं उतरलो. लाइफ जॅकेट घातलेला भारतीय पाण्यात आडवा होत नाही. तो उभा तरंगतो, मान ताठ, चेहऱ्यावर बँकेच्या रांगेतली गंभीरता, आणि एका हातात बोटीची दोरी. बायकोनं तिथे उभ्याउभ्या काकूंकडून मोदकाच्या उकडीत तूप कधी घालायचं ते विचारून घेतलं.

याच खाजणात लाकडी लांबशेपटी बोटी जवळून पाहायला मिळाल्या. मोटारीचं किंवा ट्रकचं इंजिन लांब दांड्यावर बसवलेलं, दांड्याच्या टोकाला पंखा, आणि नावाडी तो सगळा दांडा उचलून फिरवतो. उथळ पाणी आलं की पंखा वर. नाळेला रंगीबेरंगी फडकी आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात. त्या मे या नांगसाठी, म्हणजे बोटीची जी राखणदार देवी असते तिच्यासाठी. हे सांगितल्यावर काकांनी पाण्यातूनच त्या नाळेला नमस्कार केला. नावाड्यानंही केला. बंदरात नोकरी केलेल्या माणसाला अशा वेळी भाषांतर लागत नाही.

बाजूच्याच कड्यात एक मोठी गुहा आहे. तिच्या भिंतीवर जुन्या गलबतांची चित्रं आहेत, त्यांवरून तिला व्हायकिंग गुहा म्हणतात, व्हायकिंग बिचारे तिकडे कधी फिरकले नसले तरी. आत जाता येत नाही. बोट लांब थांबवून बांबूच्या परांच्याच तेवढ्या दाखवतात. त्या परांच्यांवर चढून लोक पाकोळ्यांची घरटी काढतात. पाकोळी आपल्या लाळेचं घरटं करते, ते सुकतं, आणि चिनी खाण्यात त्याचं सूप होतं. फार महाग.

“लाळेचं?” काकूंनी दोनदा विचारलं. “आणि पैसे देऊन?”

काका म्हणाले की वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरही पाकोळ्या आहेत. खरंच आहेत, आणि तिथूनही घरटी चोरून नेत असत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं ती वाचवायचं काम केलं. काकू यावर काहीच बोलल्या नाहीत. आपल्या माहेराजवळून कुणीतरी लाळ चोरून नेतं, हे पचायला जरा वेळ लागत असावा.

बांबू बेटावर नाकातोंडाला नळी लावून मासे पाहिले. मासे सुंदर होते. काकांनी त्यांतल्या निम्म्यांची मालवणी नावं सांगितली आणि उरलेल्या निम्म्यांना ‘शोभेचे’ म्हणून निकालात काढलं.

साडेदहाला जेवण! दोन वाजता उठलेल्या पोटाला ते चालतं. फी फी डॉन हे राहतं बेट. दोन डोंगर आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर धक्का, दुकानं, हॉटेलं, मशीद. धक्क्याजवळ एक निळी पाटी होती. त्सुनामी आली तर कुठल्या दिशेनं पळायचं, त्याचा बाण. २६ डिसेंबर २००४ला या पट्टीवर दोन्ही बाजूंनी पाणी आलं होतं. काका त्या पाटीसमोर जरा थांबले, बाणाच्या दिशेनं डोंगराकडे पाहिलं, अंतर मोजलं, आणि जेवायला गेल्यावर त्याच बाजूची खुर्ची धरली.

काकूंचा उपास. गाईडनं त्यांच्यासाठी खास शाकाहारी भाजी आणवली. तिच्यात नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी असतं, कारण थायलंडमध्ये ते न घालता भाजी करणं म्हणजे आपल्याकडे फोडणी न देण्यासारखं. काकूंनी वासावरून ओळखलं, ताट हळूच काकांकडे सरकवलं. काकांनी गुरुवारची आठवण मनाआड करून ते हळूच आपल्याकडे ओढलं. मग काकूंनी स्टीलचा डबा उघडला. मुंबईहून आणलेला उपासाचा चिवडा. सगळ्यांना वाटला. गाईडनं एक दाणा बोटांत धरून उजेडात पाहिला आणि आनंदानं ओरडला, “साकू!” साबुदाणाच. त्यांच्याकडेही असतो, टॅपिओका तिथून जगभर जातो. “आमच्याकडे याचे गोळे करतात,” तो उत्साहानं सांगू लागला, “मऊ, वाफवलेले, आत सारण भरून…”

“कसलं सारण?” काकूंनी कौतुकानं विचारलं. उपासाला एक नवा पदार्थ मिळत होता.

“डुकराचं.”

डब्याचं झाकण लागल्याचा आवाज मी अजून विसरलेलो नाही.

आणि मग ते आले. आम्ही परत निघायला धक्क्यावर आलो, टोपलीत चपला टाकल्या, आणि नऊच्या बोटी येऊन लागायला लागल्या. एकीमागून एक, शिगोशीग भरलेल्या, नारिंगी जॅकेटांची एकच रांग. पहाटेच्या टूरमध्ये नेमकं काय विकतात ते मला त्या क्षणी कळलं. सूर्योदय नाही, शार्क नाही, रिकामा किनारा तर नाहीच नाही. उशिरा येणाऱ्यांना आपण परत जाताना पाहणं, एवढंच ते विकतात, आणि त्यात पैसे वसूल होतात. जर्मन गृहस्थाचा चेहरा उजळला. कोरियन मुलींनी मागे गर्दी येईल असा आपला फोटो काढला. बायकोनं अनोळखी बोटीकडे पाहून हात हलवला. काकू तर कठड्याला रेलून म्हणाल्या, “आता येतायत! आता काय बघणार?”

त्यांच्यापैकी एका बोटीतून एका तरुणानं मोठ्यानं विचारलं, “मावशी, तिकडे कसं आहे? मस्त ना?” शुद्ध मराठीत. त्याची झोप पुरी झालेली होती, नाश्ता झालेला होता, आणि सूर्य वर आल्यामुळे त्याला पाणी पत्रकातल्यासारखंच दिसणार होतं.

“मस्त आहे,” काकू म्हणाल्या. “पण आता गर्दी झाली असेल.”

परतीच्या बोटीत सगळे मागे इंजिनांजवळ बसले. पुढचा बाक रिकामा आपटत होता. गोळी न खाल्लेलेही झोपले. फक्त बायको आणि काकू जाग्या होत्या, गाईडला मध्ये घेऊन.

“ती लाकडी बोटीची माणसं,” बायकोनं विचारलं, “मुक्कामाला राहणारी. ती किती वाजता निघतात?”

“साडेसहा.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“मग आपण सहाला,” काकू म्हणाल्या, आणि नणंदेचा फोन नंबर बायकोला द्यायला पर्स उघडली.